तुमच्या घरी, दुपारी तीन वाजता

शनिवारी सकाळी कालपान गावाहून ताज्या अक्रोडांची तीन पोती आली आणि क्वाउत्ले मंडळींचं भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. थांबलं म्हणजे मिटलं नव्हतं. ऑगस्टात अक्रोड सोलायचे म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांना एका टेबलाशी बसावं लागतं, आणि समोरासमोर बसून अबोला धरायला फार ताकद लागते. तेवढी ताकद या घरात फक्त आजोबांकडे होती, कारण त्यांना ऐकूच कमी यायचं.

"ओर्तेन्सिया, तू खिडकीकडे बस," एल्विरामावशी जागा वाटत होती. "ब्रिसा, तू तिच्याकडे, तुझ्या आईकडे पाठ करून. रोमुलोदादा, तुम्ही मधोमध."

"मी कोपऱ्यात बसतो. मला सारखे फोन येतात."

"कोपऱ्यात बसलात की सगळे माना वळवून तुमचं ऐकत बसतात आणि हात थांबतात. मधोमध."

रोमुलोमामा मुकाट्याने मधोमध बसले. गेली तीस वर्षं ही पंगत एल्विरामावशीच लावायची. हळू सोलणारा दोन चपळांच्या मध्ये, भांडलेले पाठीला पाठ लावून, गोष्टीवेल्हाळ मधे, आणि उजेड डावीकडून. अक्रोडाच्या फोडीवर पातळ सालीचा एवढासा तुकडा राहिला तरी सगळा नोगादा, म्हणजे अक्रोडाचा दाट रस्सा, कडू होतो, आणि रविवारच्या भरल्या मिरच्यांवर तो पांढराशुभ्र, गोडसर नोगादाच ओतायचा असतो. तेव्हा मावशीपुढे कुणी तोंड उघडत नसे.

ब्रिसा लहानपणापासून ही पंगत बघत आली होती. पाच वर्षं वास्तुकला शिकून तिने पुढे नेमकं हेच काम धरलं. कारखाने, कचेऱ्या, शिवणशाळा, जिथे माणसं दिवसभर राबतात त्या जागा नीट लावायच्या. घरी हे समजावून सांगणं महाकठीण होतं. "लोक कुठे बसले म्हणजे काम नीट होतं, ते मी ठरवते," असं तिने एकदा सांगून पाहिलं होतं. त्यावर आई म्हणाली होती, "आणि त्यासाठी कॉलेजात जावं लागतं?"

भांडण त्याचंच होतं. मार्चमध्ये मोठ्या फर्ममधली नोकरी सोडून ब्रिसाने आजोबांच्या जुन्या सुतारशाळेत स्वतःचं टेबल मांडलं. आजोबांनी चाळीस वर्षं तिथे शाळांची बाकं बनवली होती. पाच महिन्यांत ब्रिसाकडे दोन कामं आली, एक दातांच्या डॉक्टरचं आणि दुसरं त्याच्याच भावाचं. मग मामांनी आपलं वजन वापरलं. एवारिस्तोसाहेब म्हणजे मामांचे कोम्पाद्रे. मामांच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी हातावर घेतलं होतं, आणि हे नातं इथे सख्ख्या भावाहून जाड असतं. त्यांच्या हाताखालच्या परवाना कचेरीत ब्रिसासाठी एक खुर्ची राखून ठेवलेली होती. खिडकी नाही, शिक्का आहे, आणि निवृत्त होईपर्यंत कुणी उठवणार नाही. सोमवारी दहाच्या आत हो म्हणायचं होतं. गुरुवारी जेवताना ब्रिसा म्हणाली, "मला ती खुर्ची नको." त्यानंतर आई तिच्याशी बोलली नव्हती.

"एल्विरा," आई खिडकीकडे बघत म्हणाली, "तुझ्या भाचीला सांग, हात भरभर चालव."

"भाची तुझ्या मागेच बसलीय, तूच सांग."

"मला ऐकू येतंय," ब्रिसा म्हणाली.

"ऐकू येतं तर समजतही असेल. तुझ्या मामांनी शब्द टाकलाय. असा शब्द रोज मिळत नाही."

मामांनी घसा साफ केला. मामा विमा विकायचे, पण ते पोटापाण्यासाठी. मनापासून ते ओळखी जमवायचे. पुएब्लात कुणाला प्लंबर हवा असो की बिशप, मामांच्या पाकिटात त्याचं कार्ड असायचं. "पोरी, काम कुणालाही येतं," ते म्हणाले. "काम करणारीला ओळखतं कोण, हा प्रश्न आहे. तुला कोण ओळखतं? एक दातांचा डॉक्टर!"

"आणि त्याचा भाऊ," मावशी म्हणाली.

"आता बघा," मामा पुढे सरसावले, "व्यापाऱ्यांच्या न्याहारीला परवा मला कोण भेटलं? नोएमीबाई. इंजिनिअर. मोंतेविदेओहून आल्यात, तीन आठवडे झाले. चष्म्याच्या काचांचा तो नवा कारखाना नाही का, त्याच्या मुख्य. अडीचशे माणसं हाताखाली. मी पाच मिनिटांत त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देऊन मोकळा झालो. याला म्हणतात ओळख."

ब्रिसाच्या हातातला अक्रोड खाली पडला. काचांच्या त्या कारखान्याची चार दालनं नव्याने लावायची आहेत, हे तिला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. तिने तीन पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

"मामा, त्या बाई उद्या इथे येणार?"

"तीन वाजता. अडीचशे माणसांचा विमा काढायचाय मला, तू मधे तोंड घालू नकोस."

"मी तोंड घालणारच!"

"आधी जेवण, मग काम. मी टायला हात लावीन ती खूण. आधी विम्याचं बोलणं, मग वेळ उरली तर तुझं."

"आणि खुर्चीचं काय?" आईने विचारलं, आणि या वेळी ती मागे वळली. तिची बोटं अक्रोडाच्या हिरव्या सालीने काळी झाली होती. सगळ्यांचीच झाली होती.

"आई, मला सोमवारपर्यंत वेळ आहे ना? मग उद्याचा दिवस माझा."

 आईने ब्रिसाचं टोपलं बघितलं, त्यातली नीट न सोललेली एक फोड उचलली आणि स्वतः सोलून परत टाकली. मावशीने हे पाहिलं आणि डोळे मिचकावले.

रविवारी दोनपासून घर नटून बसलं होतं. मिरच्या अंड्यात घोळून तळायच्या की तशाच ठेवायच्या यावरून आई आणि मामी यांची दरवर्षीची लढाई झाली आणि दरवर्षीसारख्या अर्ध्या अर्ध्या झाल्या. नोगादाचं पातेलं गार जागी ठेवलं होतं. डाळिंबाचे दाणे निघाले होते. मामांनी लग्नातला टाय घातला होता. ब्रिसाने आपल्या नकाशांची गुंडाळी कपाटाच्या वर अशी ठेवली होती की हात लांबवला की मिळावी, पण मुद्दाम ठेवलीय असं दिसू नये.

तीन वाजले. तीन म्हणजे साडेतीन, हे कुणालाच सांगावं लागत नाही. साडेतीन वाजले. चार वाजले. चाळीसएक माणसं भरल्या मिरच्यांकडे बघत उभी होती आणि आजोबांनी एक मिरची खाऊनही टाकली होती.

"परदेशी माणूस वक्तशीर असतो म्हणे," मामी म्हणाली.

"दादा, आता फोन करा," मावशी म्हणाली. "नाहीतर बाबा दुसरी खातील."

मामांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं, आपली ओळख किती घट्ट आहे ते कळावं, म्हणून स्पीकरवर टाकला.

"इंजिनिअरबाई! कुठवर आलात?"

"मी?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "मी कुठे जाऊ? मी घरीच आहे. तुम्ही कुठवर आलात?"

"आम्हीपण घरीच आहोत."

"असं कसं? मांस भाजून तयार आहे. मी सकाळपासून निखाऱ्यांजवळ उभी आहे. चाळीस खुर्च्या मांडल्यात. मला वाटलं तुमच्याकडे उशिरा येण्याची पद्धत असेल, म्हणून फोन केला नाही."

मामांनी टायची गाठ सैल केली. "खुर्च्या... कुठे मांडल्यात?"

"माझ्या घरी! तुम्हीच म्हणालात ना, रविवारी तीन वाजता तुमच्या घरी जेवण, आम्ही चाळीसएक माणसं असू. मी दोनदा विचारलं, माझ्या घरी? तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, अर्थात, तुमच्याच घरी. मी म्हटलं, मी काय करू? तुम्ही म्हणालात, काही नको, फक्त भूक ठेवा. आता लोक घरी यायचे आणि यजमानाने काहीच करायचं नाही, हे मला जरा विचित्र वाटलं. पण म्हटलं, देश वेगळा आहे."

 कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मावशी हसली. मग सगळ्यांना आवरेना, मामीने तर भिंतीचा आधार घेतला.

"मग काय म्हणायला हवं होतं मी?" मामा फोनवर हात दाबून ओरडत होते. "'माझ्या घरी या' म्हणू? एवढा गावंढळ आहे का मी?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. इथे चांगल्या घरातला माणूस 'माझं घर' असं म्हणत नाही. मावशीला तुम्ही पत्ता विचारलात तर ती सांगेल, तुमचं घर देवळाच्या मागच्या गल्लीत, निळ्या दाराचं. समोरच्याला घर देऊन टाकायचं आणि मग त्याला त्याच घरात जेवायला बोलवायचं. हे मोंतेविदेओच्या बाईला तीन आठवड्यांत कसं कळावं?

ब्रिसाला मात्र हसू येईना. नोएमीबाई आता संतापणार, फोन ठेवणार, आणि क्वाउत्ले हे नाव पुन्हा कधी ऐकून घेणार नाहीत, याची तिला भीती वाटली. 

तेवढ्यात आजोबा उठले. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण मिरच्या थांबल्यात एवढं त्यांना समजलं होतं. मावशीने त्यांच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. आजोबांनी मान हलवली.

"मग फळ्या टेकवायचे लाकडी घोडे गाडीत घाला," ते म्हणाले. "चाळीस माणसं म्हणजे टेबल लागणार."

मामांच्या हातून ब्रिसाने फोन घेतला. "इंजिनिअरबाई, मी ब्रिसेइदा, त्यांची भाची. आम्ही निघालोच. तुम्ही निखारे विझू देऊ नका."

चार मोटारी आणि मामांची पिकअप निघाली. नोगादाचं पातेलं मांडीवर घेऊन आई पुढे बसली आणि प्रत्येक गतिरोधकाला "हळू!" म्हणून किंचाळत राहिली. झाकण निसटायला लागलं तेव्हा मामांचा टाय काढून त्याने ते बांधलं. अक्रोडांचं तिसरं पोतं शनिवारपासून पिकअपमध्येच राहिलं होतं, ते राहिलंच.

नोएमीबाई फाटकात उभ्या होत्या. उंच, पन्नाशीच्या, केस आखूड, डोळे धुराने लाल. मामा क्षमा मागायला दोन्ही हात पसरून पुढे गेले, पण बाईंनी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही.

"आधी मला हे सांगा, तुम्ही चाळीस आहात की जास्त?"

"अडतीस. दोघींना ताप आहे."

"कारण मी काल खुर्च्या मागायला अकरा घरांची दारं वाजवली. तीन आठवडे इथे राहतेय, शेजारी कोण राहतं ठाऊक नव्हतं. खुर्ची दिल्यावर माणसाला बोलवायला नको? सगळे आलेत."

अंगणात तीसेक शेजारी निखाऱ्यांभोवती उभे होते आणि एकमेकांना नावं विचारत होते. काही जण दहा वर्षं शेजारी राहत होते म्हणे. रोमुलोमामांनी तो देखावा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपार सुख पसरलं. ते पाकिटातली कार्डं काढतच गर्दीत शिरले.

आईने पातेल्याचं झाकण उघडलं आणि माणसं मोजली. "मिरच्या पुरतील, अर्ध्या अर्ध्या करू. नोगादा पुरायचा नाही."

"एक पोतं अक्रोड आहे गाडीत," ब्रिसा म्हणाली.

"मग सोलून टाकू," नोएमीबाई म्हणाल्या. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. त्यांच्या कारखान्याच्या सवयीने त्यांनी भिंतीलगत सगळ्यांना एका लांबलचक रांगेत बसवलं. पहिल्याने हिरवी साल काढायची, दुसऱ्याने फोडायचं, तिसऱ्याने पातळ साल सोलायची. ऐकायला चोख वाटत होतं.

दहा मिनिटांत रांगेचा बट्ट्याबोळ झाला. पहिल्याजवळ ढीग साचला, शेवटचे रिकामे बसले. कडेला बसलेल्या एका शेजाऱ्याने गाढवाची गोष्ट सुरू केली आणि अर्धी रांग माना वळवून तिकडे बघू लागली. आई आणि मामी नेमक्या शेजारी आल्या होत्या आणि मिरची तळण्याचा विषय पुन्हा पेटला होता. नोएमीबाई घड्याळाकडे बघत होत्या.

ब्रिसाचे हात शिवशिवत होते. मामा तिच्या कानाशी आले. "एक शब्द बोलायचा नाही. त्यांच्या घरात त्यांचीच चूक दाखवणार? सोमवारी तुझी खुर्ची आहे, कचेरीतली, तिच्यावर लक्ष ठेव."

दुसऱ्या बाजूने मावशीने तिच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. मावशीला एवढंच म्हणायचं होतं.

ब्रिसा पुढे झाली. "इंजिनिअरबाई, मी जरा लोकांना उठवू का?"

गोष्ट सांगणारा शेजारी गाढवासकट थांबला. नोएमीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे.

"उठवा."

"मला दोन दारं लागतील."

"कसली दारं?"

"घराची. बिजागऱ्यांतून काढू, लगेच परत बसवू. आजोबा!"

आजोबा स्क्रूड्रायव्हर खिशात घेऊनच आले होते. पाच मिनिटांत नोएमीबाईंच्या झोपण्याच्या खोलीचं दार अंगणात लाकडी घोड्यांवर आडवं पडलं होतं, आणि पाठोपाठ कोठीघराचं. लांब रांग मोडून चार गट झाले. ऊन डावीकडून येईल असे घोडे वळवले. आई एका गटात, मामी दुसऱ्या गटात, पाठीला पाठ लावून. गाढवाचा गोष्टवाला मधे. दुसऱ्या गटात मामा मधे, आणि त्यांना ताकीद, की कार्ड वाटायचं तर डाव्या हाताने वाटा, उजव्याने सोला. प्रत्येकाने एक अक्रोड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोलायचा, म्हणजे कुणी कुणासाठी थांबायला नको आणि कडू निघाला तर चोर लगेच सापडेल.

"आणि मी?" नोएमीबाईंनी विचारलं.

"तुम्हाला येत नाही," ब्रिसा म्हणाली, आणि आपण काय बोललो हे तिला उशिरा समजलं. पण आता माघार नव्हती. "तुम्ही इथे बसा. आई आणि मावशीच्या मध्ये."

बाई बसल्या. हाताला हात लागू लागले, गोष्टी रंगल्या, हशा उठू लागला आणि हशाबरोबर टोपल्या भरू लागल्या. ब्रिसा टेबलांमधून फिरत होती, एखाद्याला इकडून तिकडे हलवत होती, आणि तिला इतका आनंद झाला होता की कारखाना, दालनं, खुर्ची, काहीही तिच्या डोक्यात नव्हतं. मग मागून बाईंचा आवाज तिच्या कानावर पडला आणि ती जागच्या जागी थबकली.

"ही मुलगी तुमची? काय करते ती?"

आई अक्रोड सोलत होती. ब्रिसाला आईची पाठच दिसत होती. आता आई सांगणार, परवाना कचेरीत लागणार आहे, सोमवारपासून. आणि मग सगळं संपलंच.

"माझी धाकटी," आई म्हणाली. तिने फोड टोपल्यात टाकली. "लोक कुठे बसले म्हणजे काम नीट होतं, ते ती ठरवते." पुढचा अक्रोड उचलत ती म्हणाली, "त्यासाठी कॉलेजात जावं लागतं."

ब्रिसाने पटकन तोंड फिरवलं, कारण रडू आलं असतं तर मामांनी सगळ्या शेजाऱ्यांना ते दाखवलं असतं.

पोतं पस्तीस मिनिटांत संपलं. नोएमीबाईंनी घड्याळ पाहिलं. जेवणं झाली, मोंतेविदेओचं भाजलेलं मांस आणि पुएब्लाच्या भरल्या मिरच्या एकाच ताटात आल्या, आणि तसं करू नये असं म्हणणाऱ्यांनीही दोनदा वाढून घेतलं. कामाचं मात्र कुणीच बोललं नाही. मामा खूण करायला गळ्याशी हात न्यायचे आणि तिथे टाय नसायचा. तो पातेल्याला बांधलेला होता. नकाशांची गुंडाळी घरी कपाटावरच राहिली होती.

निघताना फाटकात खूपच गर्दी झाली. आजोबांनी दारं परत बसवली होती, त्यातलं एक उलटं. नोएमीबाईंनी ब्रिसाचा हात हातात घेतला, तिच्या काळ्या बोटांकडे पाहिलं, मग आपल्या काळ्या बोटांकडे.

"उद्या नऊ वाजता," त्या म्हणाल्या, आणि गालातल्या गालात हसल्या. "तुमच्या ऑफिसात."

मोटारी सुरू झाल्या आणि पुढच्या वळणावर मामांनी पिकअप थांबवली.

"तुमच्या म्हणजे कुणाच्या?"

"माझ्या," ब्रिसा म्हणाली. "तसंच म्हणाल्या ना त्या."

"म्हणजे त्यांच्या! शिकल्या त्या! हसल्या कशा, बघितलंस ना? आता त्यांना आपली रीत कळलीय. तुमचं म्हणजे त्यांचं. कारखान्यावर जायचं."

"परदेशी बाई आहे," मावशी मागून म्हणाली. "ती जे म्हणते तेच तिच्या मनात असतं."

"आज दुपारपर्यंत होती परदेशी. आता ती आपल्या शिष्टाचाराचं पाणी प्यायलीय."

"आई, तुला काय वाटतं?"

आईने रिकामं पातेलं मांडीवर घट्ट धरलं होतं. "मला वाटतं, नऊ वाजता तू कुठेतरी पोचायला हवंस."

मागच्या मोटारीही थांबल्या, आणि मतं घेतली तर चौदा विरुद्ध बारा पडली. कारखाना जिंकला. मावशी बाराजणांच्या बाजूची होती. ती म्हणाली, "ठीक आहे, मी सकाळी सुतारशाळा झाडून ठेवते. झाडलेली खोली कुठे वाया जात नाही."

सोमवारी नऊ वाजायला दहा मिनिटं असताना ब्रिसा नकाशांची गुंडाळी काखेत धरून कारखान्याच्या फाटकात उभी होती. मामा पिकअपमध्ये होते. त्यांच्या गुडघ्यावर फोन होता, कारण दहाच्या आत एवारिस्तोसाहेबांना उत्तर द्यायचं होतं आणि मामांच्या मते कोम्पाद्रेला उत्तर द्यायला उशीर करणं फार वाईट.

पहारेकऱ्याने नाव विचारलं आणि वहीत पाहिलं. "ब्रिसेइदा क्वाउत्ले? इंजिनिअरबाई नाहीत. सव्वाआठलाच गेल्या."

"कुठे?"

"तुमच्या ऑफिसात म्हणाल्या."

ब्रिसाने मामांकडे पाहिलं. मामांनी आकाशाकडे पाहिलं.

त्याच क्षणी दोन फोन वाजले. ब्रिसाच्या फोनवर मावशी होती. "अगं, कुठे आहेस तू? ती इथे बसलीय! बाबांच्या बाकावर, खिडकीजवळ. भिंतीवरचे तुझे सगळे कागद बघून झाले. टेबल स्वतः सरकवलं उजेडाकडे, विचारलंसुद्धा नाही. मी तिच्यापुढे अक्रोड ठेवलेत, सोलतेय बिचारी. बोटं आपल्यासारखीच काळी." मावशीने आवाज खाली आणला. "ती म्हणतेय, तुझी तिन्ही पत्रं मिळाली होती, पण पत्रातलं तिला काहीच कळलं नव्हतं. काल कळलं. एक दालन देते म्हणतेय. एकच, साठ माणसांचं, काचा घासणाऱ्यांचं. जमलं तर उरलेली तीन. विचारतेय, कधीपासून सुरू करशील."

"आजपासून," ब्रिसा म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि तिला त्याचं काहीही वाटलं नाही. "मावशी, तिला उठू देऊ नकोस. मी आले!"

मामांच्या गुडघ्यावरचा फोन वाजतच होता. पडद्यावर एवारिस्तोसाहेबांचं नाव होतं. मामा त्याच्याकडे असे बघत होते की जणू तो चावेल. तीस वर्षांचा कोम्पाद्रे, आणि त्याला नाही म्हणायचं.

"द्या इकडे," ब्रिसा म्हणाली.

"तू काय बोलणार आहेस? नीट बोल. मोठं माणूस आहे. आमंत्रण वगैरे दे, गोड बोल."

ब्रिसाने फोन कानाला लावला. "एवारिस्तोकाका, नमस्कार. ब्रिसेइदा बोलतेय. तुम्ही माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवलीत, हे मी कधी विसरणार नाही. पण ती दुसऱ्या कुणाला तरी द्या, मला आजच काम मिळालं. हो, माझं स्वतःचं. नाही, मामा अजिबात रागावले नाहीत, इथेच बसलेत, आनंदाने बोलतासुद्धा येत नाहीये त्यांना. आणि काका, रविवारी तुम्ही सगळ्यांनी जेवायला यायचंय. भरल्या मिरच्या आहेत. तीन वाजता."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ब्रिसाने क्षणभर मामांकडे पाहिलं.

"आमच्या घरी," ती ठणकावून म्हणाली.

मामांनी दोन्ही हातांनी कान झाकले, "शी, गावंढळ!" असं पुटपुटले आणि पिकअप सुतारशाळेकडे, चोलुलाच्या रस्त्याला वळवली.